गोळीचा नव्हे, विक्रीचा जाब

अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या वेशीवर बॅजर गन्स नावाचे बंदुकांचे दुकान होते. २००९ च्या मे महिन्यात तिथे दोन तरुण आले. एक २१ वर्षांचा, दुसरा १८ वर्षांचा. परवानाधारक दुकानातून पिस्तूल घ्यायचे तर तिथल्या कायद्याने २१ वर्षे पूर्ण लागतात. पिस्तूल पसंत केले धाकट्याने, फॉर्म भरायला मात्र मोठा बसला. 'प्रत्यक्ष खरेदीदार तुम्हीच आहात का?' असा एक प्रश्न त्या सरकारी फॉर्मवर असतो. त्याने आधी 'नाही'वर खूण केली. खरे उत्तर तेच होते. मग काउंटरपलीकडच्या माणसाच्या देखत ती खूण बदलली गेली, 'होय' झाली आणि सौदा पुरा झाला. या कामाचे मोठ्याला ४० डॉलर मिळाले. महिनाभराने, ९ जूनला, तो धाकटा फुटपाथवरून सायकल चालवतो म्हणून दोन पोलिसांनी त्याला हटकले. त्याने त्याच पिस्तुलाने दोघांवरही अगदी जवळून गोळ्या झाडल्या. दोघे वाचले, पण एकाचा डोळा गेला आणि मेंदूच्या काही भागाला कायमची इजा झाली.

गोळ्या झाडणारा तुरुंगात गेला. त्याच्यासाठी स्वतःच्या नावावर पिस्तूल घेणाराही गेला. उरले दुकान. त्या दोन पोलिसांनी दुकानावर दिवाणी दावा लावला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल देत सुमारे ६० लाख डॉलरची भरपाई ठरवली. पुढे तडजोड होऊन १० लाखांवर प्रकरण मिटले. तरीही या निकालाची देशभर चर्चा झाली, कारण बंदूक विकणाऱ्याविरुद्ध ज्युरीपर्यंत पोहोचणे हेच अमेरिकेत २००५ पासून दुर्मीळ झाले आहे.

बंदूक विकणाऱ्याला गोळीबाराबद्दल जबाबदार धरावे का, हा प्रश्न अमेरिकेत दर मोठ्या हत्याकांडानंतर नव्याने उठतो आणि दर वेळी दोन्ही बाजू तो चुकीच्या टोकाला धरून ओढतात. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. दुसऱ्याने झाडलेल्या गोळीबद्दल विक्रेत्याला कोणी जाब विचारू नये. पण त्याने स्वतः केलेल्या विक्रीबद्दल, काउंटरवर त्याला जे दिसले, ऐकू आले आणि तरीही त्याने जे केले त्याबद्दल, त्याला न्यायालयात उभे करता आलेच पाहिजे. आजचा अमेरिकी कायदा या दोन गोष्टींत पुरेसा फरक करत नाही आणि तिथेच खरी गोम आहे.

हा फरक नवा नाही. दारूच्या नशेत झोकांड्या खाणाऱ्या गिऱ्हाइकाला आणखी दारू दिली आणि त्याने गाडी चालवून कोणाला चिरडले, तर बारमालकावर दावा लावता येतो, असे अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचे कायदे आहेत. इथे बारमालकाने गाडी चालवली असे कोणी म्हणत नाही. त्याने समोरच्या माणसाची अवस्था पाहिली आणि तरी पेला भरला, एवढाच त्याचा दोष. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा पोलिसांनी गाडीवरच्या अल्पवयीन मुलाबरोबर त्याच्या वडिलांना आणि त्याला दारू देणाऱ्या पबच्या चालकांनाही पकडले. आरोप सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा विषय. पण चावी कोणी दिली, दारू कोणी वाढली, हे प्रश्न त्या दिवशी पुण्यात कोणालाही अस्थानी वाटले नाहीत. धोकादायक वस्तू ज्याच्या हाती देऊ नये हे दिसते आहे त्याच्या हाती ती देणे, ही स्वतंत्र चूक आहे. ब्रिटिश परंपरेतून आलेल्या कायद्याने ती फार पूर्वी ओळखली आहे.

मग बंदुकीपुरता वेगळा न्याय कसा झाला, हे समजायला १९९८ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी तंबाखू कंपन्यांनी ४६ राज्यांशी प्रचंड रकमेची तडजोड केली. त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्स शहराने आणि पाठोपाठ शिकागोने बंदूक उत्पादकांवर आणि विक्रेत्यांवर दावे लावले. बघता बघता अशा शहरांचा आणि काउंटींचा आकडा ३० च्या पुढे गेला. गोळीबारात जखमी झालेल्यांच्या इस्पितळाचा, पोलिसांचा, रुग्णवाहिकांचा खर्च आमच्या तिजोरीतून जातो, तो या धंद्याने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. यातले बरेच दावे टिकण्यासारखे नव्हते, हे मान्य करायला हवे. सचोटीने बंदूक विकणारा आणि चोरवाटेने विकणारा यांना त्यांनी एकाच माळेत ओवले होते. पण दाव्यांचा दबाव खरा होता. मार्च २००० मध्ये स्मिथ अँड वेसन या जुन्या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला आणि आपला माल विकणाऱ्या दुकानांवर काही शिस्तीचे नियम घालण्याचे कबूल केले. बंदूकप्रेमींनी लगेच कंपनीवर बहिष्कार घातला, विक्री कोसळली आणि पुढच्या वर्षी ब्रिटिश मालकाने ती दीड कोटी डॉलरला फुंकून टाकली. बाकीच्या कंपन्यांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. सुधारणेच्या वाटेने एकट्याने जायचे नाही आणि संरक्षण मागायचे ते थेट संसदेकडे.

ऑक्टोबर २००२ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात दोघांनी गाडीच्या मागच्या भागात लपून, नेम धरून एकेक माणूस टिपायला सुरुवात केली. तीन आठवड्यांत १० जण मेले. पेट्रोल भरताना, बाकावर वाचत बसलेले असताना, बाजारातून सामान गाडीत ठेवताना. त्यांची बुशमास्टर रायफल देशाच्या दुसऱ्या टोकाला, टकोमा इथल्या एका दुकानातून आली होती. या दुकानाकडे ती विकल्याची नोंद नव्हती आणि चोरीला गेल्याची तक्रारही नव्हती. तपासात निघाले की अशा २३८ बंदुकांचा त्या दुकानाला हिशेब देता येत नाही. किराणा दुकानात साखरेची पोती अशी नाहीशी झाली तरी मालक रात्री झोपणार नाही. इथे बंदुका जात होत्या. मृतांच्या नातेवाइकांनी दावा लावला आणि २००४ मध्ये दुकान व उत्पादक कंपनी यांनी मिळून सुमारे २५ लाख डॉलर दिले.

पुढच्याच वर्षी दार बंद झाले. २६ ऑक्टोबर २००५ ला अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सही केलेला कायदा सांगतो की बंदुकीचा गुन्ह्यात वापर झाला म्हणून उत्पादकावर किंवा विक्रेत्यावर दिवाणी दावा चालणार नाही. सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३१ आणि प्रतिनिधिगृहात २८३ विरुद्ध १४४ अशा मतांनी तो मंजूर झाला, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या बऱ्याच सदस्यांनीही त्याला हात वर केले. नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेने त्यासाठी अनेक वर्षे जिवाचे रान केले होते.

कायद्यात अपवाद आहेत. विक्रेत्याने जाणूनबुजून बंदूकविक्रीसंबंधीचा कायदा मोडला असेल, नको त्याच्या हाती हलगर्जीने बंदूक दिली असेल, वस्तूतच दोष असेल, तर दावा चालू शकतो. कायद्याचे समर्थक याच अपवादांकडे बोट दाखवतात आणि वाईट दुकानदाराला संरक्षण नाहीच असे म्हणतात. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात अडचण क्रमाची आहे. दुकानदाराने जाणूनबुजून कायदा मोडला हे दाखवायचे तर त्याचे रजिस्टर, त्याचे फॉर्म, त्याच्या कॅमेऱ्यातले चित्रण, त्याच्या नोकरांच्या जबान्या लागतात. हे सगळे दावा सुरू झाल्यावर न्यायालयाच्या हुकमाने मिळते. पण दावा सुरूच व्हायचा नाही अशी कायद्याची रचना, त्यामुळे पुरावा हाती यायच्या आधीच तो मागितला जातो. मिलवॉकीच्या दुकानातला तो फॉर्म आणि ते चित्रण ज्युरीपुढे आले, कारण त्या एका प्रकरणात न्यायाधीशांनी दावा पुढे जाऊ दिला. ज्या प्रकरणांत जाऊ दिला नाही, त्यांतल्या काउंटरवर काय घडले ते कोणाला कळलेले नाही.

मिझुरी राज्यातल्या ओडेसा गावची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जून २०१२. एका आईने गावातल्या बंदुकांच्या दुकानात फोन केला. तिच्या मुलीला स्किझोफ्रेनिया होता. महिन्याभरापूर्वी मुलीने त्याच दुकानातून बंदूक आणली होती आणि बापाने ती काढून घेतली होती. आता मुलीच्या हाती सरकारी मदतीचा चेक येणार होता आणि ती पुन्हा दुकानात जाणार हे आईला दिसत होते. तिने मुलीचे नाव सांगितले, जन्मतारीख सांगितली, सोशल सिक्युरिटी क्रमांकसुद्धा दिला आणि हिला बंदूक विकू नका म्हणून विनवणी केली. दोन दिवसांनी दुकानाने त्या मुलीला बंदूक विकली. तासाभरात तिने वडिलांना गोळी घातली.

संगणकावरच्या सरकारी तपासणीत ती पास झाली होती. दुकानाचा बचाव याच मुद्द्यावर उभा होता. तपासणी झाली, फॉर्म भरला, कायदा पाळला, आता आमचा संबंध संपला. खालच्या न्यायालयाने तो मान्य करून दावा फेटाळलाही होता. एप्रिल २०१६ मध्ये मिझुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र सांगितले की २००५ चा कायदा घटनात्मक असला तरी नको त्याच्या हाती बंदूक देण्याचा आरोप त्या कायद्याच्या अपवादात बसतो, तेव्हा दावा चालेल. त्याच वर्षी दुकानाने २२ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

एका फोनची किंमत इतकी कशी, असे विचारणारे लोक आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की सरकारची तपासणी ही किमान अट आहे. एखाद्याचे नाव गुन्हेगारांच्या किंवा न्यायालयाने मनोरुग्ण ठरवलेल्यांच्या यादीत आहे की नाही, एवढेच ती पाहते. समोर उभा असलेला माणूस आज कसा आहे, हे संगणकाला दिसत नाही. ते विकणाऱ्याला दिसते. दुकानात माणूस ठेवण्याचा अर्थच मुळी तो आहे. मेडिकल स्टोअरवाल्याला कोणी फोन करून सांगितले की आमचा मुलगा झोपेच्या गोळ्या घ्यायला येतोय, त्याला देऊ नका, तर तो गोळ्या द्यायला चार वेळा विचार करील. बंदूक विकणाऱ्याकडून याहून कमी अपेक्षा का करायची?

काही वेळा हा कायदा न्याय मागणाऱ्यावरच उलटतो. कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात जुलै २०१२ मध्ये चित्रपटगृहात गोळीबार होऊन १२ जण मेले. गोळीबार करणाऱ्याने ४ हजारांहून अधिक काडतुसे घरबसल्या इंटरनेटवरून मागवली होती. विकणाऱ्याने ना त्याचा चेहरा पाहिला होता ना काही विचारले होते. मारल्या गेलेल्या एका तरुणीच्या आईवडिलांनी काडतुसे विकणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. त्यांनी भरपाई मागितली नव्हती, विक्रीची पद्धत बदला एवढेच मागितले होते. २००५ च्या कायद्याखाली दावा फेटाळला गेला आणि राज्याच्या एका कायद्यानुसार कंपन्यांच्या वकिलांचा २ लाख डॉलरहून अधिक खर्च त्या आईवडिलांवर बसला. त्यांचे दिवाळे निघाले. मुलगी गमावलेल्या घराकडून मुलीच्या मारेकऱ्याला काडतुसे विकणाऱ्याच्या वकिलाची फी वसूल करणारी व्यवस्था आम्हाला कोणत्याही तत्त्वज्ञानाने समर्थनीय वाटत नाही. कोलोरॅडोने २०२३ मध्ये तो राज्याचा कायदा बदलला, ते बरे झाले.

बंदूक उद्योग नेहमी म्हणतो की बहुसंख्य दुकानदार प्रामाणिक आहेत. हे अगदी खरे आहे आणि ते सरकारी आकड्यांनीच सिद्ध होते. अमेरिकी सरकारच्या ज्या खात्याकडे बंदुकांचे परवाने आणि तपासणी आहे, त्याने २००० साली एक अहवाल प्रसिद्ध केला. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुका मागे शोधत गेल्यावर त्यांतल्या सुमारे ५७ टक्के बंदुका देशातल्या अवघ्या १.२ टक्के दुकानांपर्यंत पोहोचल्या. देशभर ८३ हजारांच्या आसपास दुकाने, त्यांतली जेमतेम हजार. खूप माल विकणाऱ्या दुकानातून काही बंदुका गुन्ह्यात जाणारच, हा खुलासा काही अंशी मान्य केला तरी एवढी दाटी त्याने समजावता येत नाही. मिलवॉकीतल्या त्या दुकानाच्याच जागी आधी मालकाच्याच कुटुंबाशी जोडलेले दुसऱ्या नावाचे दुकान होते. २००५ या एका वर्षात त्या दुकानातून गेलेल्या ५३७ बंदुका गुन्ह्यांत सापडल्या आणि देशात त्याचा पहिला क्रमांक लागला. परवाना रद्द करण्याची शिफारस झाली, तेव्हा परवाना नव्या नावावर झाला आणि पाटी कोरी झाली. दोन पोलिसांवर झाडलेले पिस्तूल विकले ते या कोऱ्या पाटीच्या दुकानाने.

आता अशी दुकाने कोणती, हे लोकांना कळायला हवे की नको? २००३ पासून संसद दर वर्षी खर्चाच्या विधेयकात एक कलम घालते आणि त्याने या शोधाची माहिती प्रसिद्ध करायला, दिवाणी दाव्यात वापरायला बंदी येते. दुकानदाराने वर्षातून एकदा शिल्लक माल मोजावा अशी सक्ती करायलाही मनाई आहे. १९८६ च्या कायद्याने निरीक्षकाने वर्षातून एकदाच अचानक तपासणी करावी असे ठरवून दिले आणि बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही ठेवायला बंदी घातली. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी सरकारचे बंदूक-शोध केंद्र आहे. बंद पडलेल्या दुकानांची रजिस्टरे तिथे खोक्यांनी येऊन पडतात. कर्मचारी ती स्कॅन करतात, पण मालकाच्या नावाने शोधता येईल अशी यादी करायची नाही, म्हणून एकेक पान डोळ्यांखालून घालतात. कुठल्या तरी गावात खून झालेला असतो, तिथला पोलीस उत्तराची वाट पाहत असतो आणि इथे एक कर्मचारी हस्ताक्षर लावत बसलेला असतो. निरीक्षण दुबळे, माहिती झाकलेली आणि वर न्यायालयाचा रस्ताही अडवलेला. यातला एखादा मार्ग बंद ठेवून दुसरा उघडा ठेवला असता तर समजण्यासारखे होते.

उत्पादकांपर्यंत जबाबदारी न्यावी का, या प्रश्नावर आम्ही अधिक सावध आहोत. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० लहान मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. नऊ कुटुंबांच्या वतीने रेमिंग्टन कंपनीवर दावा झाला, त्यात वकिलांनी रायफलीच्या विक्रीऐवजी तिच्या जाहिरातीवर बोट ठेवले. ही रायफल घेतली की तुमचा पुरुषपणा पुन्हा सिद्ध झाला, अशा अर्थाची जाहिरात कंपनीने केली होती. युद्धात वापरायच्या धाटणीचे हत्यार तरुणांना मर्दुमकीच्या नावाने विकणे हा राज्याच्या व्यापारविषयक कायद्याचा भंग आहे, असा युक्तिवाद झाला. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी तो ऐकून घ्यायचे ठरवले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवाळखोर कंपनीच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर दिले. ही वाट योग्य होती, कारण जाहिरात ही कंपनीची स्वतःची कृती होती.

मेक्सिकोचा दावा त्याहून फार लांब गेला. त्या देशात कायदेशीर बंदुका फक्त लष्कराच्या दोन दुकानांत मिळतात, तरी टोळ्यांकडे अमेरिकी बनावटीच्या बंदुकांचा सुकाळ आहे. २०२१ मध्ये मेक्सिकोने अमेरिकी कंपन्यांवर १० अब्ज डॉलरचा दावा लावला. ५ जून २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नऊ विरुद्ध शून्य असा फेटाळला. निकाल लिहिला न्यायमूर्ती एलेना केगन यांनी. उदारमतवादी गटातल्या न्यायमूर्तींनी हा निकाल लिहावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. काही दुकानदार चोरट्या सौद्यांत सामील आहेत हे कंपन्यांना ढोबळमानाने माहीत असणे म्हणजे त्या गुन्ह्यात हात असणे नव्हे, आणि कोणता सौदा, कोणते दुकान हे मेक्सिकोने नेमके दाखवलेले नाही, असा त्याचा गाभा. मेक्सिकोतल्या कुटुंबांचे दुःख पाहता हा निकाल वाचणे जड जाते. पण कायदा म्हणून तो चुकला असे म्हणवत नाही. कारखाना आणि खून यांच्यामध्ये घाऊक व्यापारी, दुकान, दुसऱ्याच्या नावावर खरेदी करणारा, तस्कर, टोळी असे पाच-सहा हात आहेत. त्या साखळीत ज्याला खरेदीदाराचा चेहरा दिसतो तो एकच दुवा, दुकानाचा काउंटर. कारखान्याकडे जाणारी वाट न्यायालयाने अरुंद केली असेल, तर काउंटरकडे जाणारी रुंद करणे अधिकच गरजेचे ठरते. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये आणि त्यानंतर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा राज्यांनी बंदूक व्यवसायाने कोणती वाजवी काळजी घ्यावी, हे सांगणारे कायदे करून ती सुरुवात केली आहे.

दुसऱ्या बाजूचे दोन आक्षेप आम्हाला खरोखर वजनदार वाटतात. पहिला असा की नियम पाळूनही विक्रेता अडकेल. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांना मारणाऱ्याने दुकानातूनच पिस्तूल घेतले होते. कामकाजाच्या तीन दिवसांत सरकारी तपासणीचे उत्तर आले नाही तर दुकानदार विक्री करू शकतो, असा कायदा आहे आणि त्याप्रमाणे विक्री झाली. उशीर तपासणी करणाऱ्या एफबीआयचा होता. २०२१ मध्ये सरकारनेच पीडितांना ८ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे मान्य केले. तिथल्या दुकानदाराला कोर्टात ओढणे हा अन्याय झाला असता. विक्रीचा जाब मागायचा म्हणजे विक्रेत्याच्या ज्ञानाची मर्यादाही मान्य करायची, हे आम्हाला पूर्ण कबूल आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे आणि तो आपल्या लोकांनाही लागू पडतो. संशयावरून विक्री नाकारा असे दुकानदाराला सांगितले की तो संशय कोणावर घेईल? कृष्णवर्णीयांवर, मेक्सिकन चेहऱ्यांवर, दाढी-पगडीवाल्यांवर, नाव उच्चारता न येणाऱ्या भारतीयांवर. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणारी, मुलांना शाळेत गोळीबाराच्या वेळी लपण्याचा सराव करताना पाहणारी मराठी कुटुंबे या वादाकडे दोन्ही अंगांनी पाहतात. त्यांना सुरक्षितता हवी आहे आणि संशयाच्या नजरा नको आहेत. म्हणूनच कायद्याने रूप, वर्ण आणि नाव बाजूला ठेवून वागणूक धरायची. एकजण बंदूक निवडतो, पैसे मोजतो आणि फॉर्म दुसरा भरतो. एकच गिऱ्हाईक आठवड्याला चार-पाच सारखीच पिस्तुले नेतो. फॉर्मवरचे उत्तर विक्रेत्याच्या सांगण्यावरून बदलते. घरच्या माणसाचा नावानिशी इशारा येतो. या खुणा ओळखायला अंतर्ज्ञान लागत नाही. बंदूक उद्योगाची संघटना आणि सरकार मिळून २००० पासून दुकानदारांसाठी एक मोहीम चालवतात, दुसऱ्यासाठी खोटे बोलू नका, अशा अर्थाच्या नावाची. बेनामी खरेदी कशी ओळखावी, हे त्यात शिकवले जाते. वॉलमार्टने २००८ मध्येच बंदुकीच्या प्रत्येक विक्रीचे चित्रण करण्याचे स्वतःहून ठरवले. जे शिकवता येते आणि काही दुकाने आधीच पाळतात, ते न पाळणाऱ्याला का पाळले नाही असे न्यायालयात विचारणे, यात अतिरेक कुठे आहे?

आपल्याकडे हा वाद या रूपात उभा राहत नाही, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याने चाळणी दुकानाच्या आधी लावली आहे. परवाना आधी पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडून मिळवायचा, मग दुकानात जायचे. अमेरिकेच्या घटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीने बंदूक बाळगणे हा हक्क ठरवल्यामुळे तिथे सरकारला अशी चाळणी लावायला फारच थोडी जागा उरते. जी उरते ती काउंटरवर आणि न्यायालयात.

आणखी एक आकडा लक्षात ठेवायला हवा. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. हत्याकांडांच्या बातम्यांत हे मरण दिसत नाही. बंदूक विकणाऱ्याच्या जबाबदारीची चर्चा करताना तर ते जवळजवळ विसरलेच जाते.

२००९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात एका दुकानाच्या मालकाला कळले की आठवडाभराच्या आत तीन वेगवेगळ्या माणसांनी, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आपल्या दुकानातून बंदूक नेली आणि काही तासांत स्वतःला संपवले. तिन्ही विक्री कायदेशीर होत्या. त्याच्यावर दावा नव्हता आणि होण्याची शक्यताही नव्हती. तरी आपल्याला काही दिसायला हवे होते का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. मग तो, आणखी काही विक्रेते आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकत्र बसले. गिऱ्हाईक कोणतीही बंदूक चालेल म्हणतो का, ती कशी साफ करायची, कशी ठेवायची यात त्याला काहीच रस नाही का, तो घाईत आहे का, घटस्फोट किंवा नोकरी गेल्याचे बोलता बोलता निघाले का, अशा खुणांची एक लहानशी यादी त्यांनी विकणाऱ्यांसाठी तयार केली. शंका आली तर विक्री थांबवण्याचा हक्क तुम्हाला आहे, हेही त्यात लिहिले. दोन-तीन वर्षांत त्या राज्यातल्या जवळजवळ निम्म्या बंदूक दुकानांत त्या मोहिमेची पत्रके किंवा भित्तिपत्रके लागलेली दिसत होती.